आकडे ठेवायचे कुठे : आरंभीच्या संगणकांची वाटचाल

लंडनच्या चार्ल्स बॅबेज या गणितज्ञांनी १८३४ साली एका नव्या यंत्राची आखणी सुरू केली. त्याआधी दहा-बारा वर्षे ते गणिती कोष्टके तयार करणाऱ्या ‘डिफरन्स एंजिन’च्या मागे होते. ब्रिटिश सरकारने त्या यंत्रावर सुमारे १७,००० पौंड खर्च केले, तरी ते पुरे झाले नाही. नवे ‘अ‍ॅनालिटिकल एंजिन’ कोष्टकांपुरते नव्हते. जशा सूचना मिळतील तसे कोणतेही गणित त्याने सोडवावे, अशी कल्पना होती. बॅबेज यांनी त्याचे दोन भाग पाडले. एका भागात दातेरी चाकांच्या मदतीने प्रत्यक्ष आकडेमोड व्हायची. त्याला ते ‘गिरणी’ म्हणत. दुसरा भाग म्हणजे ‘कोठार’. तिथे उभ्या दांड्यांवर चाकांच्या चळती असणार होत्या आणि त्यांत हजारभर संख्या जपून ठेवता येणार होत्या. सूचना मिळणार होत्या भोके पाडलेल्या कार्डांवरून. फ्रान्समधले जाकार माग अशाच कार्डांच्या आधारे रेशमी कापडावर नक्षी विणत. एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये या यंत्रावर प्रदीर्घ टिपणे प्रसिद्ध केली आणि बर्नुली संख्या काढण्यासाठी त्याला कोणत्या क्रमाने कामाला लावावे लागेल, तेही मांडून दाखवले.

हे यंत्र कधीच बांधले गेले नाही. पुढे ज्यांनी संगणक घडवले त्यांतल्या अनेकांना बॅबेज यांचे काम ठाऊकही नव्हते, तरी सर्वांच्या वाटेत आडवी आली ती कोठाराचीच अडचण. झपाट्याने बेरीज करणारे यंत्र बांधणे कठीण होतेच. पण त्या बेरजेला लागणारे आकडे, मधली उत्तरे आणि पुढची सूचना यंत्राच्या हाताशी ठेवणे त्याहून कठीण निघाले. आरंभीच्या संगणकांच्या इतिहासातले बहुतेक मोठे टप्पे म्हणजे या अडचणीवर निघालेले तोडगे आहेत.

त्यातला पहिला व्यवहारी तोडगा कार्डांचाच होता. अमेरिकेतल्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथ यांनी प्रत्येक माणसाची माहिती एकेका कार्डावर भोकांच्या रूपात उतरवली आणि विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी ती कार्डे मोजली. त्यांची कंपनी पुढे इतर कंपन्यांत विलीन झाली आणि १९२४ मध्ये त्या एकत्रित कंपनीने आयबीएम हे नाव घेतले. कार्डावर माहिती कितीही काळ टिकते, पण ती यंत्राच्या बाहेर असते. मोजणीसाठी एवढे पुरेसे होते. एका पायरीचे उत्तर लगेच पुढच्या पायरीत वापरायचे असेल, तर मात्र कार्डांचा उपयोग थोडा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वेगवेगळ्या देशांत, बहुधा एकमेकांना पत्ता नसताना, चार-पाच यंत्रे उभी राहिली. बर्लिनमध्ये कॉनराड त्सूझ या अभियंत्याने पहिले यंत्र आईवडिलांच्या घरातच जुळवले होते. त्यांचे तिसरे यंत्र, झेड-३, मे १९४१ मध्ये जाणकारांपुढे चालवून दाखवण्यात आले. ते रिलेंचे होते, म्हणजे विजेने उघडमीट होणाऱ्या, टेलिफोन केंद्रात असत तशा खटक्यांचे. संख्या शून्य आणि एक या दोनच अंकांत लिहिलेल्या होत्या, आणि सूचना भोके पाडलेल्या सिनेमाच्या फिल्मवरून वाचल्या जात. कोठार होते ६४ संख्यांचे. एवढ्या चिमुकल्या साठवणीलाही यंत्रातले बहुतेक रिले खर्ची पडले. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात ते यंत्र नष्ट झाले.

अमेरिकेत आयोवा स्टेट कॉलेजमध्ये जॉन अटानासॉफ आणि त्यांचे विद्यार्थी क्लिफर्ड बेरी यांनी १९३९ ते १९४२ या काळात निर्वात नळ्या वापरून यंत्र बांधले. समीकरणांचे संच सोडवणे एवढेच त्याचे काम. त्याची साठवण मात्र मोठी कल्पक होती. फिरत्या पिंपावर बारीक धारित्रे बसवलेली, आणि प्रत्येकात विद्युतभार कोणत्या बाजूचा आहे यावरून शून्य की एक ते ठरायचे. धारित्रातला भार हळूहळू गळून जातो, म्हणून पिंपाच्या प्रत्येक फेरीत तो वाचून पुन्हा भरायचा. आजच्या संगणकांची मुख्य स्मृतीही भार असाच पुन्हा पुन्हा भरून जपते. अटानासॉफ यांच्या वाट्याला येणारे श्रेय फार उशिरा, १९७३ मधल्या पेटंटच्या खटल्यात मिळाले.

हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकेन यांच्या कल्पनेतून आयबीएमने बांधलेला मार्क-१ हा १९४४ चा. लांबी ५१ फूट, वजन पाच टनांच्या घरात, आणि ७२ संख्यांची जागा. एका गुणाकाराला सहा सेकंद लागत. सूचना कागदी फितीवरून येत आणि तीच ती क्रिया पुन्हा करायची असेल तर फितीची टोके चिकटवून तिचे कडे केले जाई.

इंग्लंडमध्ये याच सुमारास कोलोसस चालू झाला होता; पण ही गोष्ट १९७० च्या दशकापर्यंत गुप्त होती. जर्मन सेनाधिकाऱ्यांचे लॉरेन्झ यंत्रातून जाणारे सांकेतिक संदेश फोडायचे होते. टपाल खात्याच्या संशोधन केंद्रातले अभियंते टॉमी फ्लॉवर्स यांनी त्यासाठी सुमारे १,६०० निर्वात नळ्यांचे यंत्र सुचवले, तेव्हा अनेकांनी मान हलवली. इतक्या नळ्या एकदम धड चालणारच नाहीत, असा सार्वत्रिक समज होता. फ्लॉवर्स यांचा टेलिफोन केंद्रातला अनुभव वेगळे सांगत होता. नळ्या जळतात त्या मुख्यतः चालू-बंद करताना. सतत चालू ठेवल्या तर त्या बराच काळ टिकतात. १९४४ च्या सुरुवातीला पहिला कोलोसस ब्लेचली पार्कमध्ये कामाला लागला. कागदी फितीवरचा संदेश तो सेकंदाला ५,००० अक्षरे या वेगाने वाची. युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रे चालू होती. हजारो नळ्यांचे यंत्र भरवशाने चालते हे त्यांनी सिद्ध केले, आणि ते सिद्ध झाल्याचे जगाला तीस वर्षे कळू दिले गेले नाही.

म्हणून तो मान बराच काळ फिलाडेल्फियाच्या एनिअ‍ॅककडे राहिला. तोफगोळा किती अंतरावर पडेल याची कोष्टके अमेरिकी लष्कराला हवी होती. उडालेल्या एका गोळ्याचा मार्ग हिशेबयंत्रावर हाताने काढायला प्रशिक्षित माणसाला सुमारे २० तास लागत, आणि एका कोष्टकासाठी असे हजारो मार्ग काढावे लागत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये जॉन मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट यांनी १९४३ मध्ये काम हाती घेतले. फेब्रुवारी १९४६ मध्ये यंत्र जगापुढे आले तेव्हा युद्ध संपले होते. सुमारे १८,००० नळ्या, ३० टन वजन, दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज, सेकंदाला ५,००० बेरजा. गोळ्याचा मार्ग अर्ध्या मिनिटात निघू लागला. गोळ्याला प्रत्यक्ष उडत जायला लागणाऱ्या वेळापेक्षाही लवकर.

या अवाढव्य यंत्राचे कोठार पाहिले की नवल वाटते. त्यात बदलत्या संख्यांसाठी फक्त २० जागा होत्या, प्रत्येक दहा अंकांची. या जागांना संचायक म्हणत. संख्या धरून ठेवणे आणि तीत दुसरी मिळवणे, दोन्ही कामे संचायकच करी. एकेका संचायकाला साडेपाचशेच्या आसपास नळ्या लागत. म्हणजे यंत्रातल्या निम्म्याहून अधिक नळ्या वीस संख्या धरून ठेवण्यात गुंतलेल्या. हिशेब नळ्यांच्या वेगाने व्हावा, तर संख्याही नळ्यांतच ठेवायला हव्यात, आणि नळ्या तर महाग, तापणाऱ्या, अधूनमधून जळणाऱ्या.

सूचनांची गोष्ट आणखी बिकट होती. सेकंदाला हजारो क्रिया करणाऱ्या यंत्राला फितीवरून सूचना पुरवणे शक्यच नव्हते. फीत मागे पडली असती. म्हणून सूचना यंत्राच्या जोडणीतच घातल्या. कोणत्या भागाची तार कुठे खोचायची, कोणते बटण कुठवर फिरवायचे, हे आधी कागदावर आखायचे आणि मग शेकडो तारा ओढायच्या. नवे गणित लावायला कित्येक दिवस जात. केथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बायलस आणि रूथ लिख्टरमन या सहा गणितज्ञ स्त्रियांनी हे काम पेलले. हाताशी कसलीही पुस्तिका नव्हती. यंत्राचे आराखडे वाचून त्यांनी ते समजून घेतले. फेब्रुवारी १९४६ मध्ये यंत्र जगापुढे आणले त्या समारंभात दाखवलेले तोफगोळ्याचे गणित जेनिंग्ज आणि स्नायडर यांनी लावले होते. त्या दिवशी यापैकी कोणाचेही नाव घेतले गेले नाही, आणि पुढची काही दशके ही चूक दुरुस्त झाली नाही.

एनिअ‍ॅक पुरा होण्याआधीच त्याच्या कर्त्यांना त्याची उणीव कळली होती. उपाय असा ठरला : आकड्यांसाठी मोठे आणि वेगवान कोठार करायचे आणि सूचनाही आकड्यांच्या रूपात लिहून त्याच कोठारात ठेवायच्या. मग गणित बदलण्यासाठी तारा ओढण्याची गरज नाही. कोठारात नवी आज्ञावली भरली की झाले. शिवाय आज्ञा याही शेवटी संख्याच, म्हणून यंत्र स्वतःच त्यांच्यात फेरफार करू शकते. अ‍ॅलन ट्यूरिंग यांनी १९३६ च्या शोधनिबंधात एकाच यंत्राने इतर कोणत्याही गणनयंत्राचे काम करावे, हे तत्त्व कागदावर सिद्ध केले होते. इथे त्याला प्रत्यक्ष रूप येत होते. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन या चर्चांत सामील झाले आणि जून १९४५ मध्ये नव्या ‘एडव्हॅक’ यंत्राविषयीचा त्यांचा मसुदा टंकलिखित प्रतींच्या रूपाने हातोहात पोचला. त्यावर नाव एकट्या फॉन नॉयमन यांचे होते. एकर्ट आणि मॉकली यांना याचा सल कायम राहिला, आणि तो रास्त होता. तरी मसुद्याची मांडणी इतकी स्वच्छ होती की जगभर यंत्रे बांधणाऱ्यांनी तीच आधाराला घेतली.

मोठे कोठार बांधायचे कशाचे? एकर्ट यांचे उत्तर होते पारा. रडारवर स्थिर वस्तूंचे प्रतिध्वनी गाळून टाकण्यासाठी पाऱ्याच्या नळ्या वापरल्या जात आणि त्या कामात एकर्ट यांचा हात बसलेला होता. पाऱ्याने भरलेल्या नळीच्या दोन्ही टोकांना क्वार्ट्झचे स्फटिक बसवलेले असतात. एका स्फटिकाला विजेचा ठोका दिला की तो थरथरतो आणि ती थरथर ध्वनिलहर होऊन पाऱ्यातून पलीकडे निघते. पलीकडचा स्फटिक तिचा पुन्हा विजेचा ठोका करतो. विजेच्या मानाने ध्वनीची चाल फार मंद; दीडएक मीटरची नळी ओलांडायला त्याला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात पाचशेहून अधिक ठोके एकामागोमाग पाऱ्यात शिरतात. ठोका असेल तर एक, जागा रिकामी असेल तर शून्य. पलीकडे पोचलेला क्षीण ठोका सुधारून पुन्हा पहिल्या टोकाला सोडला की आकडे विहिरीवरच्या रहाटगाडग्याप्रमाणे फिरत राहतात, आणि हवा तो आकडा मिळवायचा तर त्याचे गाडगे वर येईपर्यंत थांबावे लागते. हे थांबणे हा या पद्धतीचा दोष. दुसरा दोष असा की तापमान बदलले की पाऱ्यातल्या ध्वनीचा वेगही बदलतो, म्हणून नळ्यांचे तापमान सांभाळावे लागे. पण शेकडो निर्वात नळ्यांचे काम आता पाऱ्याची एक नळी आणि तिच्याभोवतीच्या मोजक्या निर्वात नळ्या करू लागल्या, आणि हा फायदा दोषांहून फार मोठा होता.

मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडरिक विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी रडारच्या पडद्यासारखी कॅथोड किरण नळी घेतली. इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर जिथे आदळतो तिथे विद्युतभाराचा एक ठिपका मागे राहतो. ठिपक्याच्या प्रकारावरून शून्य की एक ते ठरते, आणि पडद्यासमोर लावलेल्या धातूच्या पत्र्यावर उमटणाऱ्या संकेतावरून ते वाचता येते. ठिपका क्षणात विरतो. तो विरण्याआधी वाचून पुन्हा लिहायचा, हे सतत चालू ठेवायचे. पाऱ्यापेक्षा मोठा लाभ असा की झोत पडद्यावरच्या कोणत्याही ठिपक्याकडे थेट वळवता येतो, आकडा फिरून येईपर्यंत थांबावे लागत नाही.

ही नळी खरोखर भरवशाची आहे का, हे पाहायला किलबर्न आणि जेफ टूटिल यांनी एक लहानसे यंत्र जुळवले. त्याला ‘बेबी’ हे नाव पडले. त्याच्या कोठारात ३२ ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत ३२ ठिपके, म्हणजे सगळे मिळून १,०२४. आज्ञा बटणे दाबून एकेक ठिपक्याने भरायच्या, उत्तर पडद्यावर ठिपक्यांतच वाचायचे. २१ जून १९४८ रोजी किलबर्न यांची १७ आज्ञांची आज्ञावली त्यावर चालली. प्रश्न होता : २,६२,१४४ या संख्येला निःशेष भाग देणारी, तिच्याहून लहान अशी सर्वांत मोठी संख्या कोणती? उत्तर तर शाळकरी मुलालाही सांगता येईल; १,३१,०७२. पण मुद्दाम लांबची पद्धत घेतली होती : संख्या एकेकाने कमी करत प्रत्येकीने भागून पाहायचे, आणि भागाकारही वजाबाक्या करून. यंत्राला ५२ मिनिटे लागली. त्या वेळात त्याने सुमारे ३५ लाख क्रिया केल्या, आणि उत्तर बरोबर आले. स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक स्मृतीत ठेवलेली आज्ञावली यंत्राने चालवण्याची ही पहिली वेळ. संगणकाच्या जन्माची एकच तारीख निवडायची झाली, तर हीच निवडणे सर्वांत न्याय्य ठरेल.

‘बेबी’ प्रयोगापुरता होता. रोजच्या कामाचा संगणक वर्षभरात केंब्रिजला उभा राहिला. मूर स्कूलने १९४६ च्या उन्हाळ्यात नव्या यंत्रांवर व्याख्यानमाला ठेवली होती. मॉरिस विल्क्स तिला हजर होते. परतल्यावर त्यांनी पाऱ्याच्या नळ्यांचा एडसॅक बांधायला घेतला आणि ६ मे १९४९ रोजी त्याने वर्गसंख्यांचे कोष्टक छापून दिले. त्याच्या सुमारे ३,००० निर्वात नळ्या, म्हणजे एनिअ‍ॅकच्या सहाव्या हिश्श्याइतक्या.

एडसॅकवर एक नवी अडचण उघडी पडली. विल्क्स यांनी लवकरच एका समीकरणासाठी १२६ ओळींची आज्ञावली लिहिली. तीत वीसएक चुका निघाल्या. विचारपूर्वक लिहिलेली आज्ञावलीही पहिल्या फटक्यात चालत नाही, हे तिथे सगळ्यांच्या ध्यानात आले. उपाय म्हणून केंब्रिजच्या मंडळींनी वारंवार लागणारे तुकडे एकदाच नीट तपासून कागदी फितींवर साठवले आणि त्यांचे ग्रंथालय केले. वर्गमूळ हवे असले की ती फीत आपल्या आज्ञावलीत उतरवून घ्यायची. या तुकड्याकडे जाऊन परत मूळ जागी कसे यायचे, याची युक्ती डेव्हिड व्हीलर या तरुण विद्यार्थ्याने बसवली. १९५१ मध्ये विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी यावर पुस्तक लिहिले. आज्ञावली लिहिण्याच्या कलेवरचे हे पहिले पाठ्यपुस्तक.

त्याच वर्षी संगणक विकत मिळू लागले. फेरांटी कंपनीने मँचेस्टरच्या यंत्राची सुधारित आवृत्ती विद्यापीठाला दिली, आणि एकर्ट-मॉकली यांचा युनिव्हॅक अमेरिकेच्या जनगणना खात्याने मार्च १९५१ मध्ये ताब्यात घेतला. त्यात पाऱ्याच्या नळ्यांच्या जोडीला धातूची चुंबकीय फीत होती. नोव्हेंबर १९५२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत थोडीशीच मते मोजून झालेली असताना युनिव्हॅकने आयझेनहॉवर प्रचंड मताधिक्याने येतील असे सांगितले. दूरचित्रवाणीवाल्यांचा त्यावर विश्वास बसेना. निकाल मात्र तसाच लागला. लंडनमध्ये चहा आणि बेकरीच्या धंद्यातल्या लायन्स कंपनीने एडसॅकच्या धर्तीवर स्वतःचा ‘लिओ’ बांधून १९५१ पासून व्यवसायाचे हिशेब त्यावर आणले. ज्यांना कमी पैशांत संगणक हवा होता त्यांच्यासाठी फिरत्या चुंबकीय पिंपाची साठवण आली. ती मंद होती, पण भरवशाची. तिच्या जोरावर आयबीएम ६५० हे यंत्र जवळजवळ दोन हजारांच्या संख्येने खपले.

साठवणीचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला तो मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत. तिथला व्हर्लविंड संगणक प्रत्यक्ष घडणाऱ्या घटनांबरोबर चालायचा होता, आधी विमानचालनाच्या सरावासाठी आणि नंतर हवाई संरक्षणासाठी. त्याच्या पडद्याच्या नळ्या लवकर बाद होत. प्रमुख अभियंते जे फॉरेस्टर यांनी त्याऐवजी फेराइटची बारीक कडी घेतली. कडीचे चुंबकत्व एका दिशेला असेल तर शून्य, उलट दिशेला असेल तर एक. कड्या आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत ओवलेल्या. एका तारेतून कडी उलटवायला लागते त्याच्या निम्मीच वीज सोडायची आणि निम्मी दुसरीतून. मग जिथे दोन्ही तारा छेदतात तेवढी एकच कडी उलटते, बाकीच्या जागच्या जागी राहतात. हजारो कड्यांतून हवी ती एक निवडायला मोजक्या तारा पुरतात, हे या रचनेचे सौंदर्य. वीज गेली तरी चुंबकत्व टिकते. वाचताना कडीतली नोंद पुसली जाते, म्हणून वाचल्याबरोबर ती पुन्हा लिहावी लागते, एवढीच काय ती कटकट. १९५३ मध्ये ही स्मृती व्हर्लविंडला बसवली आणि त्याचा वेग दुपटीने वाढला. कड्या ओवण्याचे नाजूक काम पुढे कित्येक वर्षे प्रामुख्याने स्त्रिया हाताने करत. अर्धवाहकांच्या चकत्या १९७० नंतर बाजारात येईपर्यंत या चुंबकीय कड्यांना तोड नव्हती.

भारतात पहिला इलेक्ट्रॉनिक अंकीय संगणक कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रयत्नांनी १९५५ साली ब्रिटनमधून आलेल्या एचईसी-२एम या यंत्राची साठवण चुंबकीय पिंपावर होती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मात्र संगणक स्वतः बांधायचे ठरवले. गणितात डॉक्टरेट मिळवून अमेरिकेतून परतलेले आर. नरसिंहन १९५४ मध्ये तिथे रुजू झाले आणि या कामाचा अनुभव नसलेल्या तरुणांचा छोटा गट त्यांच्या नेतृत्वाखाली कामाला लागला. १९५६ च्या अखेरीस त्यांचे चाचणी यंत्र चालू झाले. पुढच्याच वर्षी पूर्ण आकाराच्या यंत्राला हात घातला, आणि १९६० मध्ये ते वापरात आले. सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १८ फूट लांबीचा पोलादी सांगाडा, ४० अंकी द्विमान शब्द, आणि २,०४८ शब्दांची स्मृती. ही स्मृती पाऱ्याची नव्हती, पडद्याची नव्हती. ती फेराइट कड्यांची होती, ८० हजारांहून अधिक. चुंबकीय कड्यांना जगात नुकती कुठे सुरुवात झाली असताना मुंबईच्या गटाने तीच निवडली, हा निर्णय धाडसाचा आणि अचूक होता. शोधाची वाट पुन्हा सगळी न चालता त्यांनी तिच्या शेवटच्या मुक्कामापासून आरंभ केला.

जानेवारी १९६२ मध्ये कुलाब्याच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी पंडित नेहरूंनी या यंत्राला ‘टिफरॅक’ हे नाव दिले. आज्ञावली कागदी फितीवरून आत जाई, उत्तरे टेलिप्रिंटरवर छापून येत, आणि जोडीला उत्तर आलेखाच्या रूपात पाहण्यासाठी पडदाही होता. आज्ञा यंत्राच्याच अंकभाषेत लिहाव्या लागत. तरी संस्थेतले संशोधक, अणुऊर्जा आस्थापनेतले शास्त्रज्ञ आणि विद्यापीठांतली मंडळी आपापली गणिते घेऊन तिथे येत. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी-३६०० हा ट्रान्झिस्टरांचा अमेरिकी संगणक दाखल झाला. फोरट्रान भाषेत आज्ञावली लिहायची सोय त्याच्यावर होती. त्यानंतर थोड्याच काळात टिफरॅक बंद करण्यात आला.